जिना चढू न शकणाऱ्या मुलांसाठी

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरची पाच तरुण मुलं गेल्या महिन्यात आमच्याकडे आली. फज्रनंतर ती बारवी धरणाच्या चढ-उताराच्या रस्त्यावर धावतात आणि रविवारी हाजी मलंगच्या पायऱ्यांवर सराव करतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये त्यांना उतरायचंय. अंतर २१ किलोमीटर. अर्धी वाट यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने, उरलेली तीच उतरत. या निमित्ताने डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजारावरील संशोधनासाठी त्यांना पैसे जमवायचेत. "आमचं आवाहन छापा," एवढंच मागणं.

डुशेनच का, असं आम्ही विचारलं. त्यांच्यातल्या एकाचा भाचा नऊ वर्षांचा आहे. तो चालायला उशिरा लागला, सारखा पडायचा. पुढे जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकू लागला आणि जिन्याशी आला की अम्मीकडे बघायचा. कुणी अशक्तपणा म्हटलं, कुणी टॉनिक दिलं, कुणी नजर उतरवली. रक्ताची आणि मग जनुकांची तपासणी होईपर्यंत तीन वर्षं गेली.

हा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो, साधारण पाच हजारांत एकाला. स्नायू टिकवणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात तयारच होत नाही. दहा-बारा वर्षांच्या सुमारास चाकाची खुर्ची येते, नंतर हृदय आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. स्टेरॉइड आणि व्यायामोपचाराने आजाराचा वेग कमी होतो, पण तो मुळापासून बरा होत नाही.

त्या घरात आम्ही जाऊन आलो. आजारापेक्षा जास्त बोलणं झालं ते दोष कुणाचा यावर. सासरच्यांनी सुनेकडे बोट दाखवलं, मोहल्ल्याने नात्यातल्या निकाहकडे. नात्यातल्या लग्नाने थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो, हे खरंच आहे आणि आपण ते मनावर घ्यायला हवं. पण डुशेनचा त्याच्याशी संबंध नाही. दोष आईकडून येऊ शकतो, तोही तिच्या नकळत. शिवाय सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवतो, आईच्या जनुकांत नसतोच. ती बाई दोन वर्षं माहेरच्या लग्नालाही गेली नव्हती.

आता पैशाचं. आमच्या बैठकीत एका बुजुर्गांनी सरळ विचारलं, "पोरगं समोर बसलंय, त्याला द्या की! प्रयोगशाळेला कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण या मुलाला बरं करणारं औषध बाजारात नाही, मग त्याच्यासाठी काय विकत घ्यायचं? जनुकातला दोष प्रत्येक मुलात वेगळ्या जागी असू शकतो आणि काही औषधं त्या जागेप्रमाणेच शोधावी लागतात. रुग्ण थोडे म्हणून कंपन्यांना घाई नसते. बंगळुरूत अशा मुलांच्या पालकांनी मिळून स्वतःची संशोधन संस्था उभी केली, ती याच कारणाने. त्याच शहरात २०१६ पासून दुर्मिळ आजारांसाठी 'रेसफॉरसेव्हन' ही सात किलोमीटरची दौडही होते.

तरी आम्ही मुलांना दोन डबे ठेवायला सांगितले. जकात गरजू माणसाच्या हाती पडायला हवी, असं बहुतेक उलेमा सांगतात. तेव्हा जकातीचा डबा गरीब रुग्णांच्या औषधाचा आणि व्यायामोपचाराचा. संशोधनाच्या डब्यात नफिल सदका, आणि पावती दोन्हींची. एक मुलगा कुरकुरला, हिशेब वाढतो म्हणून. वाढू दे.

कुणाच्या घरी असं मूल असेल तर तपासणी लांबवू नका. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात डुशेनचं नाव आहे आणि मुंबईत केईएम रुग्णालय हे त्यासाठीचं केंद्र आहे. नोंद झाल्यावर नियमांत बसणाऱ्या रुग्णाला उपचारासाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

मागच्या रविवारी भाचाही मलंगगडाच्या पायथ्याशी आला होता. स्टॉपवॉच त्याच्याच हातात होतं. मामा खाली आला तेव्हा त्याने वेळ सांगितली आणि म्हणाला, "मागच्या वेळेपेक्षा चार मिनिटं जास्त. वर चहा प्यायलास ना?"