हवेचा ओव्हरड्राफ्ट

राजगडाखालच्या पाली गावात रविवारी जुन्या येझदी फटफटत येतात. त्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. मालकांची हौस मात्र चालू खात्यात आहे. ही मंडळी मूळचा एअर फिल्टर काढून बाजारातला मोकळा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवतात आणि कार्बोरेटरचा जेट तसाच ठेवतात. बी. कॉम. माणसाला हे बघवत नाही! अहो, एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा वाढवलीत, मग पेट्रोल कोण वाढवणार? येझदी टू-स्ट्रोक, तिचं ऑइलही पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी तिथे ऑइल कमी, आणि ऐन चढावर पिस्टन जाम! पाली दरवाजा पायी चढायचा हे ठीक. पुण्यालाही पायीच जायचं का?

म्हणे, मोठ्या जेटने मायलेज जातं. जाऊ दे की! रिबोअरिंग काय फुकट होतं? जेट एकेक नंबर वाढवा, गाडी पळवा, प्लग काढून बघा. पांढरा म्हणजे उपास, काळा म्हणजे अजीर्ण, चहाच्या रंगाचा म्हणजे ताळेबंद जुळला. एवढं जमत नसेल, तर जुना फिल्टर परत लावा. त्याचा हिशेब कारखान्यानेच करून दिलेला आहे.