मूल असल्याचा पुरावा

आपल्याकडे सत्तरीच्या घरातल्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या थक्क करणारी आहे. घरात जन्मतारीख कुणाच्या लक्षात नसायची आणि शाळा तर जूनमध्ये उघडायची. मग पोराचा हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला पोचतो का, एवढे पाहायचे आणि गुरुजींनी रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. पुढे त्याच तारखेवर नोकरी लागली आणि ३१ मे रोजी घाऊक निवृत्त्याही झाल्या. कुणाचे फारसे बिघडले नाही.

ब्रिटनमध्ये हेच काम १ जानेवारी करते. रबरी होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला पोचलेल्या अफगाण, सुदानी किंवा इरिट्रियन पोराला पहिल्या काही प्रश्नांतच जन्मतारीख विचारतात. अफगाण मुलाला ठाऊक असलेच, तर सौर हिजरी साल ठाऊक असते. ते इसवी सनात बसवायचे दुभाष्याने, तेही अनेकदा फोनवरून. शके आणि सन यांचा मेळ घालताना पाडव्याच्या अलीकडे-पलीकडे आपलीही गल्लत होते. इथे तर पोर समुद्रात भिजून, न झोपता आलेले. तारीख हाती लागली नाही की कागदावर १ जानेवारी चढते. साल मात्र अधिकाऱ्याच्या नजरेवर. दाढीची लव, आवाज, खांद्यांची रुंदी पाहून ‘हा अठराच्या बराच पुढचा’ असे ठरले, तर ते पोर त्या रात्री अनोळखी पुरुषांच्या खोलीत झोपते. न ठरले, तर कौन्सिलच्या छत्राखाली.

कायदा पाहिला तर संदिग्धता कुठेच नाही. १९८९ च्या बाल कायद्याच्या कलम २० नुसार आपल्या हद्दीतल्या निराधार मुलाला निवारा देणे स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. तिथे पासपोर्टचा प्रश्न येत नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटनने १९९१ मध्ये स्वीकारला तो ‘स्थलांतर वगळून’ अशी पाचर मारून. २००८ मध्ये ती पाचरही काढली. त्याच्या पुढच्याच वर्षी मुलांचे हित जपण्याचे बंधन खुद्द गृहखात्यावर आले. आधी मूल, मग परदेशी, असा हा क्रम आहे. गेली दहा वर्षे ब्रिटिश प्रशासनाची सारी हुशारी हा क्रम उलटा करण्यात खर्ची पडली. त्यासाठी दोनच वाक्ये पुरली : हे मूल आमचे नाही आणि हे मूलच नाही.

पहिल्या वाक्याची कहाणी केंटची. डोव्हर केंटमध्ये, म्हणून होड्यांतून उतरलेली जवळपास सगळीच मुले केंटच्या वाट्याला. देशभरच्या कौन्सिलांनी भार वाटून घ्यावा म्हणून २०१६ मध्ये योजना निघाली, पण ती ऐच्छिक. आणि ऐच्छिक ओझे कोण उचलतो हे सांगायला नको. ऑगस्ट २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये केंटने हात वर केले. लगोलग गृहखात्याने मुलांना थेट हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. योजना सक्तीची झाली ती २०२१ संपता संपता, पण तोवर हॉटेल हीच वहिवाट पडली होती. या मुलांसाठी सुरक्षेची माणसे होती, जेवणाची सोय होती. कायद्याने ज्याला पालक म्हणता येईल असे मात्र कुणीही नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत दिलेला हिशेब असा : जुलै २०२१ पासून ४,६०० मुले हॉटेलांत राहिली, बेपत्ता होण्याच्या ४४० घटना घडल्या आणि २०० मुलांचा तोवर ठावठिकाणा नव्हता. त्यांतली १३ सोळा वर्षांच्याही आतली. बहुतेक मुले अल्बेनियाची, म्हणजे गुन्हेगारी टोळ्या ज्यांच्या वाटेवर टपून असतात अशी. एखाद्या इंग्रज गावातली दोनशे शाळकरी मुले अशी नाहीशी झाली असती तर मंत्र्याला निवेदन करून खाली बसता आले असते काय?

ही रीत बेकायदा असल्याचे सांगायला २७ जुलै २०२३ उजाडावा लागला. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी केंट आणि गृहखाते दोघांनाही दोषी धरले. हॉटेल हा उपाय अगदी थोड्या काळासाठी, खऱ्या आणीबाणीत चालेल. डिसेंबर २०२१ पासून मात्र तो नित्याचा कारभार झाला होता, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी दाखवलेला एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ही मुले सरकारी देखभालीतून पळालेली नव्हेत, ती देखभालीत कधी घेतलीच गेली नव्हती.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट. डोव्हरच्या ज्या केंद्रात या मुलांची नोंद होते, तिथल्या भिंतींवर मिकी माऊस आणि ‘जंगल बुक’मधला बालू अस्वल रंगवलेले होते. तेव्हाचे स्थलांतरमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी ही चित्रे रंग देऊन मिटवायला लावली. त्या चित्रांनी फारच स्वागतशील वातावरण होते म्हणे. ओरड झाल्यावर खुलासा आला, येणारी बहुतेक मुले किशोरवयीन, त्यांच्या वयाला ही चित्रे शोभत नव्हती. बालूचा जन्मदाता किपलिंग आमच्या मुंबईत जन्मला आणि माणसांपासून तुटलेल्या पोराला सांभाळणे हेच त्या अस्वलाचे काम, हे मंत्रिमहोदयांच्या ध्यानात आले नसावे.

दुसरे वाक्य अधिक धोकादायक, कारण ते शास्त्राचा आधार घेते. वय नुसत्या चेहऱ्यावरून ठरवू नका, प्रशिक्षित सोशल वर्करनी मुलाची सगळी हकीकत ऐकून, त्याला उत्तराची संधी देऊन ठरवा, हा दंडक २००३ च्या मर्टन निकालाने घातला. वय ही वस्तुस्थिती आहे, वाद झाला तर न्यायालय ती स्वतः तपासेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये क्रॉयडन प्रकरणात म्हटले. मात्र धक्क्यावरच्या अधिकाऱ्याला ‘उघड प्रौढ’ दिसणाऱ्याला बाजूला काढण्याची मुभा राहिली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या धोरणाला हात लावला नाही. न्यायालये नेहमी मुलांच्या बाजूने उभी राहतात, असेही नव्हे. २०२२ च्या कायद्याने राष्ट्रीय वयनिश्चिती मंडळ आणले आणि मनगट व दातांचे एक्स-रे, गुडघा व गळ्याच्या हाडाचा एमआरआय यांची वाट मोकळी केली. हाडांच्या चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदवले आहे. प्रश्न सोळा की अठरा एवढाच असताना दोन वर्षे म्हणजे सगळेच.

धक्क्यावरची नजर किती चुकते? स्वयंसेवी संस्थांनी कौन्सिलांकडून माहिती अधिकारात मिळवलेल्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात प्रौढ ठरवून धाडलेल्यांपैकी आठशेहून अधिक जण नंतर मुले निघाली. त्यावर उपाय म्हणून जुलै २०२५ मध्ये मजूर सरकारच्या मंत्री अँजेला ईगल यांनी जाहीर केले, की चेहऱ्यावरून वय ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चाचणी घेऊन २०२६ मध्ये ती वापरात आणू. वाळवंट, लिबियातले तुरुंग आणि कॅलेचे तंबू पाहून आलेल्या पंधरा वर्षांच्या चेहऱ्यावर पंचवीस वर्षे दिसतात. यंत्र जे दिसते तेच मोजणार. आमच्या गुरुजींची कान-हाताची कसोटी यापेक्षा फार मागासलेली म्हणवत नाही. निदान तिने कुणाला तुरुंगात धाडले नाही. ब्रिटनमध्ये होडीचे सुकाणू धरल्याच्या आरोपावरून, वयाबद्दल वाद असलेली पोरे प्रौढांच्या तुरुंगात गेली आहेत.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. प्रौढ माणसे वय लपवून मुलांत शिरतात, तशी प्रकरणे घडली आहेत, त्यांतली काही भीषण. शाळेच्या वर्गात किंवा पालक-कुटुंबात एखादा बावीस वर्षांचा बसला तर इतर मुलांना धोका असतोच. पण तिथे शिक्षक आहे, सोशल वर्कर आहे, संशय आला तर फेरतपासणी आहे. पुरुषांच्या हॉटेलात पडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे पाहणारे कुणीच नाही. दोन्हीकडे चूक होऊ शकते, म्हणून दोन्ही चुका एकाच मापाच्या ठरत नाहीत.

मजूर सरकारने २०२३ च्या बेकायदा स्थलांतर कायद्याची बहुतेक कलमे २०२५ मध्ये रद्द केली, हे चांगले केले. एकट्या मुलाला अठरावा वाढदिवस उलटताच हद्दपार करण्याचे बंधन त्यातलेच. पण याच सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये निर्वासितांच्या कुटुंबीयांना आणण्याचे नवे अर्ज थांबवले. आश्रय मिळालेल्या मुलाला आईला बोलावण्याचा हक्क तर तिथल्या नियमांत आधीही नव्हता. म्हणे, घरचे लोक मुलांनाच पुढे पाठवतील. १९३८-३९ मध्ये सुमारे दहा हजार मुले, बहुतेक ज्यू, अशाच आईबापांनी पुढे पाठवली आणि ब्रिटन त्याचा आजही अभिमान बाळगते. त्यांतले एक, प्रागहून सहाव्या वर्षी आलेले लॉर्ड डब्ज, यांनी २०१६ मध्ये युरोपात अडकलेल्या मुलांसाठी कायद्यात दुरुस्ती घडवून आणली. बोलणे तीन हजारांचे होते. सरकारने ४८० वर खाते बंद केले.

वयाचा वाद मिटेपर्यंत मुलाला मूलच धरा आणि यंत्राच्या एकट्या कौलावर कुणालाही प्रौढ ठरवू नका, ही मागणी अवाजवी नाही. त्याहून निकडीचा आहे तो पहिल्या दिवसापासून मुलाच्या बाजूने बोलणारा, गृहखात्याचा नोकर नसलेला एक पालक. स्कॉटलंडमध्ये एकट्या आलेल्या मुलांना एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच असा पालक मिळतो. डोव्हर इंग्लंडमध्ये आहे.