किराणा दुकानातली गोळी आणि लाल रेघ

दिवसभर कपाशीवर फवारणी करून माणूस घराकडे निघतो. डोके ठणकत असते, मळमळत असते. वाटेत किराणा दुकानासमोर थांबून तो म्हणतो, "दादा, डोकं लई दुखतंय, एक गोळी द्या बरं." दुकानदार डब्यात हात घालतो आणि पाकिटातून एक गोळी कात्रीने कापून हातावर ठेवतो. पावती नाही, औषधाचे नाव नाही, मुदतीची तारीख तर पाकिटाच्या दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली. हसनाबाद परिसरातल्या गावांत आणि वस्त्यांवर हे चित्र कुणालाच नवीन नाही.

यात दुकानदाराला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. रात्री-अपरात्री ताप आला तर वस्तीवरच्या माणसाने जावे कुठे? हे ओळखूनच कायद्याने थोडी सवलत ठेवली आहे. 1945 च्या औषध नियमांतील 'अनुसूची के' प्रमाणे पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, आम्लपित्ताची औषधे, बाम, मलम अशी काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकता येतात. मात्र त्याला अटी आहेत. गावाची लोकसंख्या एक हजाराच्या आत हवी, गावात परवानाधारक औषध दुकान नसावे, आणि माल परवानाधारकाकडूनच घेतलेला असावा. म्हणजे ही सवलत लहान वाडीला आहे, हसनाबादसारख्या बाजारपेठेच्या गावाला नाही. आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके किराणात विकायला तर कुठेच परवानगी नाही. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषध दुकानातूनच मिळायला हवीत.

नियम चांगला आहे, पण तो गावात कुणाला ठाऊक आहे? आमचा शेतकरी कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण बरोबर ओळखतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ही ओळख आपोआप झाली नाही. मेळाव्यांत, बांधावर, पुन्हा पुन्हा सांगून झाली. तशीच खूण औषधाच्या पाकिटावरही असते. उभी लाल रेघ दिसली की समजावे, हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. काही प्रतिजैविकांसाठी 2014 पासून नियम आणखी कडक झाला. विक्रेत्याने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. पण पाकीट कापून दिले की रेघही जाते आणि इशाराही जातो.

गोळी साधी असली तरी हिशेब लागतोच. पॅरासिटामॉल प्रौढ माणसाने दिवसात चार ग्रॅमच्या वर, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर घेऊ नये; जास्त झाले की यकृताला इजा होते. दारू पिणाऱ्याने तर आणखी जपावे. सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असते, त्यामुळे दोन नावांच्या गोळ्यांतून एकच औषध दुप्पट पोटात जाते. कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक खाणाऱ्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्याची झळ बसते. पातळ औषधाचा धडा तर महाराष्ट्राने फार महागात घेतला आहे. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला. 2025 मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष, डायएथिलीन ग्लायकॉल, वीसहून अधिक लेकरांचा जीव घेऊन गेले. ते औषध किराणातून आलेले नव्हते, तरी त्यानंतर केंद्राने 'अनुसूची के' मधून सिरप वगळण्याचा मसुदा डिसेंबर 2025 मध्ये काढला. परवाना असलेल्या ठिकाणी असे घडू शकते, तर जिथे पावतीच नाही तिथे खराब माल परत मागवायचा कुणाकडून?

आता त्या फवारणीवाल्याकडे परत येऊ. त्याचे डोके दुखणे साधे नसेल तर? डोकेदुखी, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी ही विषबाधेची लक्षणे आहेत. गोळीने ठणका थोडा दबतो, विष मात्र अंगात तसेच राहते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे विसरता येणार नाही. अशा वेळी किराणा दुकान नव्हे, दवाखाना गाठावा. कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे, 108 ला फोन करावा आणि कीटकनाशकाचा डबा सोबत न्यावा.

नुसती धाड घालून हा प्रश्न सुटणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने मोठ्या गावांतील किराणातली चिठ्ठीची औषधे बंद करावीत, हे खरेच. पण त्याबरोबर प्रत्येक वस्तीवर आशाताईच्या पेटीत तापाच्या गोळ्या कायम शिल्लक राहतील, हे आरोग्य खात्याने पाहावे. नाहीतर एक दार बंद होईल आणि दुसरे उघडणारच नाही. ग्रामसभेने हा विषय एकदा पटलावर घ्यावा.

आणि शेतकरी बंधूंनो, बियाण्याची पिशवी घेताना आपण पावती मागतो, मुदत पाहतो, पिशवीही जपून ठेवतो. पोटात जाणाऱ्या गोळीला निदान तेवढा तरी मान द्या. नाव विचारा, तारीख पाहा, लाल रेघ दिसली की हात आखडता घ्या. पीक गेले तर पुढचा हंगाम असतो. माणसाचे तसे नाही.