हार्मोन्सची तपासणी : पॅकेज नको, प्रश्न हवा!

पाळी लांबली, वजन वाढलं, हनुवटीवर केस आले की हल्ली एकच निदान कानावर येतं, ‘हार्मोन्स बिघडलेत.’ आणि लगेच जाहिरात समोर हजर : ‘संपूर्ण हार्मोन पॅकेज, घरबसल्या नमुना.’ पण मैत्रिणींनो, पंचवीस आकड्यांचा कागद हाती आला म्हणजे कारण कळलं, असं होतं का?

बेडसे गावातल्या बाईचं पाहा. रक्त द्यायचं तर कामशेत, नाहीतर लोकल धरून तळेगाव किंवा लोणावळा गाठायचं. भातलावणीच्या दिवसांत तर एक सकाळ म्हणजे बुडालेली मजुरीच. चुकीच्या दिवशी रक्त दिलं की पैसे जातात, खेप जाते आणि नको ती भीती मात्र घरी येते. म्हणूनच तपासणीची निवड हा शहरातल्या हौसेचा विषय राहिलेला नाही.

पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी गरोदरपणाची चाचणी. आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटवर ती घरीच होते. त्यानंतर साधारणपणे थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन. प्रोलॅक्टिन मोठं लहरी! ताण, व्यायाम, झोप यांनी ते वाढतं, मळमळीवरच्या डोमपेरिडोनसारख्या गोळ्यांनीही वाढतं. तेव्हा धावतपळत जाऊन रक्त देऊ नका, आणि थोडं वाढलेलं दिसलं तर घाबरण्याआधी पुन्हा तपासा.

एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी पाहतात. बीज सुटतं की नाही हे प्रोजेस्टेरॉनवरून कळतं, पण त्याची वेळ पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी. ‘एकविसावा दिवस’ हा हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या चक्राचा. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचा दिवस अठ्ठाविसावा! हे न विचारता कुठल्याही दिवशी सगळं एकदम तपासणारं पॅकेज स्वस्त पडलं तरी महागच.

पीसीओएसबद्दल 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित असेल आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं अंगावर दिसत असतील, तर इतर कारणं वगळल्यावर निदानासाठी सोनोग्राफीची गरज नाही. गरज पडलीच तर सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणी चालते. किशोरवयीन मुलींत मात्र या दोन्हींवरून निदान करू नये. वयात येताना बीजांडात पुटकुळ्या दिसणं पुष्कळदा स्वाभाविक असतं. सोळा वर्षांच्या पोरीवर आयुष्यभराचं लेबल लावण्याआधी एवढं तरी विचारायलाच हवं ना?

पद्धतही महत्त्वाची. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन फारच कमी असतं. नेहमीच्या इम्युनोअ‍ॅसे पद्धतीत ते नीट मोजलं जात नाही, मास स्पेक्ट्रोमेट्री अधिक भरवशाची. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी काही निकाल फसवे येतात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. काहीही घेत असाल तर आधी सांगा. आणि पंचेचाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊन अंगातून गरम वाफा येऊ लागल्या, तर लक्षणांवरूनच रजोनिवृत्ती ओळखता येते, दर महिन्याला एफएसएच करत बसण्याची गरज नाही.

घाईच्या निदानाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शस्त्रक्रियेत बीजांडंही गेली तर हार्मोन्सचा आधार एका दिवसात तुटतो. त्यापुढे रक्ताच्या साध्या चाचणीसाठी थांबणं किती सोपं!

तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली की तीन प्रश्न विचारा. ही तपासणी कशासाठी? पाळीच्या कोणत्या दिवशी? निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल? पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून बरोबर न्या आणि सरकारी दवाखान्यात कोणत्या चाचण्या मोफत होतात, हे आधी विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर पर्स उघडायची घाई करू नका.