दाखला आणि दुराग्रह

अमेरिकेच्या राज्यघटनेने अध्यक्षपदासाठी जन्मसिद्ध नागरिकत्वाची अट घातलेली असल्याने, त्या पदाच्या उमेदवाराकडे जन्माचा पुरावा मागणे हा तेथील नागरिकांचा रास्त हक्क आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. परंतु बराक ओबामा यांच्या बाबतीत जे घडले, ते या हक्काच्या मर्यादेत बसणारे नव्हते. ४ ऑगस्ट १९६१ रोजी हवाई राज्यातील होनोलुलू येथे त्यांचा जन्म झाल्याचा दाखला २००८ च्या निवडणुकीपूर्वीच प्रसिद्ध झाला होता. तेथील दोन वृत्तपत्रांनी १९६१ च्या त्याच महिन्यात त्या जन्माची वार्ता छापली होती. आणि मूळ नोंद सरकारी दप्तरात सुरक्षित असल्याची ग्वाही, विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नरांच्या अमदानीतील आरोग्य-संचालकांनीच दिली होती. तरीही संशयाचे काहूर शमले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी संपूर्ण तपशिलाचा दाखला तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी असलेल्या ओबामांना जाहीर करावा लागला, आणि तोही कित्येकांनी बनावट ठरविला. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांचा जन्म १९३६ साली पनामा कालव्याच्या प्रदेशात झालेला असूनही, त्यांच्या वाट्याला असा दीर्घकालीन अविश्वास आला नाही. यावरून प्रश्न कागदाचा नसून, केनियन पित्याच्या कृष्णवर्णीय पुत्राला आपला मानण्याचा होता, असाच निष्कर्ष निघतो. पुरावा अवश्य मागावा. परंतु तो खरा ठरल्यावर स्वीकारण्याचे कर्तव्यही मागणाऱ्याने निःसंकोच पार पाडले पाहिजे.