चित्रकाराची उलटी पट्टी

बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती दिवसअखेर पट्टी पडते. तिच्यात अडत असते, हमाली असते, तोलाई असते; आणि भाव कोसळलेल्या दिवशी मालाच्या किमतीपेक्षा वजावटच अधिक भरली, तर पदरचे पैसे मोजून त्याला रिकाम्या हाताने गावी परतावे लागते. महाराष्ट्रात या व्यवहाराच्या नियमनासाठी १९६३ चा कायदा आला. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. कायदा किती पाळला जातो हा भाग वेगळा. परंतु आडत्या कोण, तो किती घेतो आणि त्याला जाब कोठे विचारावयाचा, हे निदान शेतकऱ्याला ठाऊक असते. संगणकावर चित्रे काढून ती इंटरनेटवरून विकणाऱ्या नव्या कारागिराला एवढेही ठाऊक नसते. आणि मौज अशी की, ‘आता मध्यस्थ उरला नाही’ या जयघोषातच त्याला या बाजारात आणले गेले आहे.

अमेरिकेतील एट्सी या कंपनीचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २००५ मध्ये ती निघाली ती हस्तव्यावसायिकांची कैवारी म्हणून. समाजहिताचे भान राखणारी कंपनी असे प्रमाणपत्रही तिने मिरविले. २०१५ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले. दोनच वर्षांत मोठ्या गुंतवणूकदारांनी नफ्यासाठी तगादा लावला, मुख्याधिकारी बदलला गेला, आणि त्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, ते प्रमाणपत्रही कंपनीने सोडून दिले. पुढचा क्रम भांडवलशाहीच्या कोणत्याही अभ्यासकाला आधीच सांगता आला असता. प्रत्येक विक्रीमागे साडेतीन टक्के असलेले कमिशन २०१८ मध्ये पाच टक्के झाले, एप्रिल २०२२ मध्ये साडेसहा टक्के झाले. ही दुसरी वाढ तोटा भरून काढण्यासाठी होती असेही नाही. आदल्या वर्षी कंपनीच्या बाजारांतील उलाढाल सुमारे साडेतेरा अब्ज डॉलरवर पोहोचली होती.

या बाजारातली पट्टी एकदा मांडून पाहावी. समजा, एखाद्या चित्रकर्तीने आपले चित्र, गिऱ्हाइकाने घरी छापून घ्यावे अशा स्वरूपात, ५ डॉलरला विकले. अमेरिकेतील दराने मांडणावळीचे २० सेंट गेले. साडेसहा टक्क्यांनी साडेबत्तीस सेंट गेले. पैसे वळते करण्याचे तीन टक्के आणि वर २५ सेंट, म्हणजे ४० सेंट गेले. गिऱ्हाईक कंपनीने बाहेर दिलेल्या जाहिरातीवरून आले असेल, तर आणखी पंधरा टक्के, म्हणजे ७५ सेंट. एकूण वजावट सुमारे १ डॉलर ६८ सेंट, अर्थात किमतीचा तिसरा हिस्सा. वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक विक्री करणाऱ्याला जाहिरातीची वजावट बारा टक्के लागते, पण तिला नकार देण्याची मुभा त्याला नाही. चित्राला लागलेले श्रम, संगणक, वीज आणि सॉफ्टवेअरचे मासिक भाडे हा सारा खर्च चित्रकर्तीचा. हे भाडेही नवेच आहे. २०१३ पासून ॲडोबी कंपनीने आपली अवजारे एकरकमी विकणे बंद करून भाड्यानेच देण्याचे धोरण घेतले. लोहाराने आपला घणसुद्धा महिन्याच्या बोलीने घ्यावा, तसे हे आहे.

पण हा झाला सौम्य प्रकार. शटरस्टॉकसारख्या चित्रपेढ्यांत दर ठरविण्याचा अधिकारही चित्रकाराकडे नसतो. जून २०२० मध्ये, जग महामारीने घरात कोंडले असताना, या कंपनीने मोबदल्याची नवी पद्धत आणली: किती चित्रे खपली त्यानुसार पंधरा ते चाळीस टक्के हिस्सा, आणि दर १ जानेवारीला प्रत्येकाची पायरी पुन्हा तळाशी. दहा वर्षे राबलेला माणूसही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उमेदवारच. अनेकांच्या वाट्याला एका चित्रामागे १० सेंट येऊ लागले. पुढे त्याच चित्रांचा साठा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना शिकविण्यासाठी विकला गेला. चित्रकारांना त्या विक्रीतला वाटा देण्यासाठी निधी निघाला, पण त्याचे माप ठरविले कंपनीनेच. ज्याच्या मालावर यंत्र पोसले गेले, त्याच्याच पोटावर ते यंत्र येणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

खुल्या बाजाराचे भाट यावर म्हणतात की, कोल्हापूरच्या मुलीचे चित्र न्यूयॉर्कच्या भिंतीवर लागते ते याच कंपन्यांमुळे, आणि तिला बळजबरी कोणी केली आहे? यातला पहिला भाग खरा आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. बळजबरीचे मात्र असे की, सारी गिऱ्हाइके एकाच पेठेत जमली म्हणजे पेठेबाहेर बसण्याचे स्वातंत्र्य उपाशी राहण्याचे असते. याहून अधिक खेद वाटतो तो डाव्या चळवळीतल्या काहींच्या मौनाचा. ही मंडळी मध्यमवर्गीय, हौशी, स्वतःला उद्योजक म्हणविणारी. यांचा कामगार चळवळीशी काय संबंध, असे पुटपुटले जाते. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक काय असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी तरी असे बोलू नये. माग त्याचा, शेड त्याची, कर्ज त्याच्या नावावर; पण सूत व्यापाऱ्याचे आणि मजुरीचा दरही व्यापाऱ्याचा. कागदोपत्री मालक असलेला हा माणूस प्रत्यक्षात मजुरीच करतो. हीच गोष्ट संगणकापुढे घडते म्हणून तिचे अर्थशास्त्र बदलत नाही.

शिवाय हे लोक लढत नाहीत असेही नाही. ११ ते १८ एप्रिल २०२२ या आठवड्यात एट्सीवरील हजारो विक्रेत्यांनी आपली दुकाने बंद ठेवली. एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी केलेला हा संप होता. कमिशन कमी झाले नाही. पण त्यातून विक्रेत्यांची संघटना उभी राहिली. दुसरे उदाहरण कॅनडातील स्टॉक्सी या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेचे. २०१३ पासून ही संस्था साध्या परवान्याच्या विक्रीतील निम्मा आणि विस्तारित परवान्यातील पाऊण हिस्सा छायाचित्रकाराला देते. पंधरा टक्क्यांहून अधिक देणे परवडत नाही, हा दावा त्यामुळे निकालात निघतो. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: ती निवडक सभासदांनाच घेते. आणि सहकाराचे पुढे काय होऊ शकते, ते सहकारसम्राटांच्या या राज्यात कोणी कोणाला शिकवावयास नको. तरीही वाडियांच्या, बिर्लांच्या काळात उसाचा शेतकरी साखर कारखाना काढील असे कोणाला वाटले होते? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये प्रवरेकाठी तो काढून दाखविला.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे तातडीचे काम आहे ते कायद्याचे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात चित्रपटगीतांच्या कवींना व संगीतकारांना एक संरक्षण मिळाले: स्वामित्वधनातील त्यांचा समान वाटा कराराने हिरावून घेता येत नाही. तेच संरक्षण चित्रकाराला नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्काचे हस्तांतरण पाच वर्षांपुरते धरावे, असे १९५७ च्या कायद्याचे कलम १९ म्हणते. म्हणूनच कंपन्या आपल्या छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द विसरत नाहीत. एकतर्फी करारातील हे दोन शब्द निष्प्रभ करणारी दुरुस्ती, आणि यंत्रांच्या शिक्षणासाठी चित्र वापरावयाचे तर स्वतंत्र संमती व स्वतंत्र मोबदला, या मागण्या पक्षाच्या खासदारांनी संसदेत मांडावयास हव्यात. जिल्हा शाखांनी आपापल्या गावातील कला महाविद्यालयांत जाऊन त्या आधी या मुलामुलींपुढे ठेवाव्यात, आणि जाताना त्यांच्यापैकी एखाद्याची पट्टी मागून घेऊन फळ्यावर मांडावी.