शिजवलेल्या अन्नाचा हिशेब

धान्याच्या दुकानात आज न खपलेले पोते उद्या विकले जाते. शिजवलेल्या अन्नाला उद्या नसतो. शहापूर वा मुरबाडच्या बाजारपेठेत तयार जेवणाचे दुकान मांडणाऱ्या कुटुंबास हे पहिल्याच महिन्यात उमगते. जैन आचारात रात्र उलटलेले अन्न वर्ज्य. म्हणून उरलेला प्रत्येक डबा हा त्याच दिवसाचा तोटा.

दुसरी अडचण पाण्याची. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात येथील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. तिसरी पावसाची. दमट हवेत पापड वाळत नाहीत, म्हणजे सुक्या जिन्नसांचा आधारही सुटतो.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन आरंभिलेल्या ‘लिज्जत’वरही हाच प्रसंग आला. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद राहिले. पुढील वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि काम अखंड चालले.

अडचण ओळखली की उपाय लहानच असतो. मागणी आदल्या सायंकाळी नोंदवावी, तेवढेच शिजवावे, उरलेल्या डब्यांची नोंद रोजमेळात वेगळी ठेवावी. अन्न वाया न जाणे हा येथे धर्मही आहे आणि नफाही.